शहात्तर

निकालात एकच आकडा आला. शहात्तर.
हवामानशास्त्र, पास. सत्तरला पास असतं.
आईने मेनरोडवरून पेढे आणले,
जुन्नरे काकू जिन्यातूनच म्हणाल्या,
आता पोरगी उडते बघा.

मी वजाबाकी केली. चोवीस चूक.
कुठले चोवीस, ते कुणी सांगत नाही.

जुईली खैरनारला अडुसष्ट.
कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत ती परत पहिल्या पानावर,
दाब, ढग, धुकं, पंखावरचं बर्फ, सगळं नव्याने.
रडली दोन दिवस. पण तिची निदान झाडाझडती होतेय.
माझं पुस्तक माळ्यावर गेलं.

कॅप्टन गर्गे म्हणाले, चुका दाखवल्या
की तुम्ही प्रश्न पाठ करता, झेरॉक्सवाल्याला विकता.
खरं आहे. मीही घेतली होती तसली चोपडी, चाळीस रुपयांना,
तिच्यातली दोन उत्तरं तर उघड चूक होती.
आणि आकाश कुठे सांगतं, म्हणाले, काय चुकलं ते?
नुसतं चुकलं एवढंच सांगतं.

म्हणूनच तर, सर, जमिनीवर सांगा,
हे मला बसस्टॉपवर सुचलं.

बाबा नाशिक रोडला, नोटांच्या छापखान्यात,
एकतीस वर्षं छापलेले ताव तपासायचे.
शाई फिकी, अंक सरकलेला, रेघ तुटलेली:
दिसलं की तिथेच तांबड्या पेन्सिलीने गोल.
नुसतं 'बाद' लिहून ताव खाली पाठवला
तर मशीनवरचा माणूस वर येऊन भांडायचा,
बाद कुठं, ते दाखवा की आप्पा.

माझा निकाल त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला.
उलटा करून पाहिला. मागे कोरा.
म्हणाले, गोल कुठंय?

एक प्रश्न तेवढा आठवतो.
जास्त दाबातून कमी दाबाकडे जाताना
अल्टिमीटर तसाच ठेवला
तर उंची खरीपेक्षा जास्त दाखवेल की कमी?
मी जास्त म्हटलं. मग कमी. मग पुन्हा बदललं बहुतेक.
शेवटी बोट कशावर होतं, देव जाणे.
माळ्यावर चढून पुस्तक काढलं.
जास्त दाखवतो.
म्हणजे काचेत तुम्ही वर असता
आणि डोंगराच्या हिशेबात खाली.

हा चोवीसातला असेल तर तेवीस राहिले.
नसेल तर चोवीसच.

आज सकाळी ओझरवरून एकटी निघाले.
द्राक्षबागांवरचं प्लास्टिक चकाकत होतं,
सुई साडेचार हजारांवर, शहाण्यासारखी स्थिर.
रामशेज मात्र उगाच मोठा वाटला.
घसा कोरडा. तरी टॉवरला दाब पुन्हा विचारला,
नुकताच सांगितलेला.

त्याने परत सांगितला. न वैतागता.
मी आकडा म्हणून दाखवला, एक अंक चुकले.
तो म्हणाला, नाही, शेवटचा आठ.
शेवटचा आठ, मी म्हटलं.
बरोबर, तो म्हणाला.