कणज

खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात
भट्टी विझून पाच दिवस झाले होते.
मी आणि गंगव्वा
फुटकी कौलं वेगळी काढत होतो,
तेव्हा ती उलटी चालत आली.
निळी-काळी, पंख गंजल्या पत्र्याच्या रंगाचे.
आपल्या दुप्पट कोळ्याला धरून, मागे मागे,
जशी एकटी बाई कपाट ओढते
भाड्याची खोली बदलताना.

'कणज,' गंगव्वा म्हणाली.
मी म्हटलं, कणगी? ती तर भाताची.
'आमच्यातही भाताचीच. पण हीसुद्धा कणजच.
शब्द एकच.'

कोळ्याला टाकळ्याच्या बेचक्यात टांगून,
मुंग्यांपासून उंच,
ती बीळ उकरायला गेली. माती मागे उडत होती
कुत्र्याच्या पायांखालून उडते तशी.

तेवढ्यात मी बोट लावलं.
मेला नव्हता.
एक पाय हलला,
झोपेत कूस बदलायचं मनात यावं इतकाच.

बुवा कीर्तनात सांगायचे,
कुंभारीण किड्याला मातीत कोंडते,
तो भीतीने तिचंच ध्यान करतो
आणि तिच्यासारखा होऊन उडतो.
मला ते पटायचं.
मातीतून उडतं ते असतंही तिच्यासारखंच.
आत राहिलं कोण, हे बुवांना
कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

कोळी मी काडेपेटीत घातला.

ती आली. टाकळ्याचं पान न् पान,
माझी चप्पल, गंगव्वाचा डबा,
कौलावर उमटलेली कारखान्याची अक्षरं,
सगळं मिशांनी चाचपलं.
बराच वेळ. मला वाटलं होतं त्याहून बराच.
मग गेली,
आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरा घेऊन आली.
लहानसा, पोटावर पिवळी रेघ.
त्याला आत नेलं,
तोंडाशी माती ठोकली, वर एक खडा.

गंगव्वा काही बोलली नाही.
माझ्या ओच्यातल्या पेटीकडे बघितलं फक्त.

आज सातवा दिवस. पेटी देवळीत.
कापसाच्या बोळ्याने पाणी लावते, फुंकर घालते.
लुमाण्णा म्हणतो, टाकून दे की.
टाकू कुठे?
भट्टी पेटलीय. डोक्यावर ओझं असलं तरी
त्या खड्याशी आलं की गंगव्वा वळसा घेते,
तिच्यामागून मी.
'हेंग ऐती?' ती रोज विचारते.
तिच्या भाषेतलं मला एवढंच येतं:
ऐती.
आहे.