परिशिष्ट ड

तिसरं प्रकरण लागत नव्हतं.
कोपरखैरण्याच्या खोलीत, रात्री पावणेदोनला,
पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून
मी त्यांच्यावर खडी ठेवायचे,
पावण्याच्या खाणीतली, पाऊण इंची,
पोरांनीच मोजून दिलेली.
दहावर एक फुकट, म्हणाली होती.

'खाणकामगार वस्तीतील बालकांच्या खेळाचे स्वरूप :
एक अभ्यास.'
टिळेकर मॅडमनी 'एक अभ्यास' खोडलं,
मग पुन्हा लिहिलं.
नमुना : बावीस बालके. साधने : निरीक्षण, चित्र, मुलाखत.
पत्र्याच्या अंगणवाडीत भिंतीला टेकून
मी वहीत लिहायचे :
'१०.४०. मुले दगडांनी खेळत आहेत.'
शेवंताबाईंनी खिचडी ढवळता ढवळता वाचलं असावं.
म्हणाल्या, खेळत नाहीत हो. हिशेब चाललाय.
तो धाकटा मुकादम आहे.
बघा, कसा कमरेवर हात ठेवून उभाय.
मी खोडलं. लिहिलं : '१०.४१.'
पुढं काय लिहावं कळेना.

संमतीपत्रावर आयांचे अंगठे घेतले.
जांभळी शाई पदराला पुसून
त्या पुन्हा घमेली उचलायला गेल्या.
नियम असा, की मुलांनाही विचारायचं
आणि नावं बदलायची.
यल्लूबाईची लेक, वय साडेपाच, म्हणाली,
बदलायचंच तर मी निवडणार.
निवड की. परी? चिमणी?
'पोकलेन.'
बाकीच्यांनी माना डोलावल्या,
जणू एवढं अवजड नाव
तिलाच पेलेल.

त्या दिवशी रेकॉर्डर तिनंच धरला होता.
उतरवून काढलंय, जसंच्या तसं :

तू रोज येते, तुला काम नाय?
हेच काम आहे.
बसायचं?
बसायचं. आणि लिहायचं.
पैशे कोण देतो?
कोणी नाही.
(चार सेकंद शांतता. लांबून ब्रेकरचा आवाज.)
मग तू खेळतेय.

मॅडमनी समासात तांबडी रेघ ओढली : विषयाशी संबंध?
आणि 'पोकलेन'भोवती गोल.
परीक्षकांना हे कसं दिसेल, म्हणाल्या.
मी म्हटलं, तिनं निवडलंय.
त्या चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.
'परिशिष्टात टाक. तिकडं कोणी जात नाही.'

तर परिशिष्ट ड.
त्यात ती मुलाखत, आणि तिचं चित्र.
विषय दिला होता 'माझं घर'.
आधी घर काढलं, एक कोंबडी, बापाचं पिवळं हेल्मेट,
मग काळा खडू घेऊन घरामागं
एवढं घासलं, एवढं घासलं
की कागदाला भोक पडलं.
अगं, फाटला ना, मी म्हटलं.
तिनं भोकातून बोट घातलं,
पलीकडून हलवून दाखवलं.
'खान.'

मे महिन्यात खाण बंद झाली.
वस्ती कोणी कल्याणकडं गेली सांगतं, कोणी तळोज्याकडं.
अंगणवाडीच्या कुलपावर धूळ,
धुळीवर कुणाचं तरी बोट फिरलेलं.
'अभ्यासाच्या मर्यादा' या मथळ्याखाली मी लिहिलं :
'पाठपुरावा करता आला नाही.'
चार शब्द. एक आठवडा लागला.

आज सानपाड्याला बाइंडिंगवाला
पानं मोजता मोजता थांबला.
चार प्रती, मरून कव्हर, सोनेरी अक्षरं,
सगळं ठरलं होतं.
मॅडम, एकशे एकतीस फाटलंय. बदलून आणा.
झेरॉक्सवर पण काळा डाग आलाय.
फाटलेलं नाही, म्हटलं. तसंच आहे ते.
त्यानं पान ट्यूबलाइटसमोर धरलं,
भोकातून एकदा माझ्याकडं पाहिलं,
आणि विचारलं,
चारातल्या कुठल्या प्रतीत खरं लावू?