बुंधा आधी

बंदरातून निघालो तेव्हा बुधवार होता.
आज शुक्रवार, आणि आम्ही आलोय
एकोणीस किलोमीटर.

मनोऱ्याचा एकच तुकडा. लांबी सव्वीस मीटर,
वजन एक्केचाळीस टन,
ताडपत्रीवर अजून मिठाचे ओघळ.
कागदोपत्री त्याचं नाव: अविभाज्य माल.
सुराबायाहून बार्जवर येताना
दोन्ही रात्री तो माझ्यापेक्षा शांत झोपला.

मी पुढे चालतो. हातात बांबू,
पाच मीटर आणि वर एक वीत,
टोकाला लाल चिंधी.
चिंधी तारेला लागली की हात वर करायचा.
मागे ट्रक उसासा टाकतो
आणि सोळा आसांचं धूड जागच्या जागी बसतं.
बावीस वर्षं हीच नोकरी:
आकाश कुठे किती खाली आलंय ते सांगणं.

वोलोरेजात तारा उतरवाव्या लागल्या.
वीजमंडळाचं पोरगं खांबावर चढलं
आणि गाव विझलं.
ज्याच्यामुळे वीज येणार म्हणतात
ते जाताना बघायला
लोक मेणबत्त्या घेऊन दारात उभे.
कुणी हसलं नाही. मला हसू आलं, ते गिळलं.
बुपु नावाच्या बाईनं विचारलं,
"माझ्या बर्फाच्या पेटीत मासे आहेत. किती वेळ?"
अर्धा तास, म्हणालो.
चार तास लागले.
पहाटे तिनं ते सगळे मासे तळले
आणि आम्हालाच विकले, दुप्पट भावानं.
आम्ही मुकाट्यानं खाल्ले. चांगले होते.

चर्चच्या कुंपणावर कोळशानं लिहिलेलं:
डोंगर विकायचा नाही.
सवयीनं मी तेही मोजलं.
जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर.
म्हणजे लिहिणारा हात
माझ्या कमरेएवढ्या कुणाचा तरी.
वहीत कुठल्या रकान्यात टाकावं कळेना.

सतराव्या वळणावर अडलो.
डावीकडे कातळ. उजवीकडे
कानिसिउस धोनेचं स्वयंपाकघर.
कंपनीनं ते पाडायला मंजुरी दिलेली,
भरपाईचा कागद माझ्या खिशात.
त्यानं कागद वाचला, घडी घातली, परत दिला.
"पाडा. पण आज चूल पेटलीय."
मग ट्रकभोवती एक फेरी मारली,
गुरांच्या बाजारात मारतात तशी.
"आम्ही याच वाटेनं पूर्वजांचा खांब आणला होता.
अख्खं झाड, मुळांसकट, शेकडो खांद्यांवर.
शेंडा पुढे घातला की अडतो.
बुंधा आधी."

मुहाइमिन स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला.
मग हसायचा थांबला.
खालच्या शाळेच्या पटांगणात गाडी फिरवली,
आणि मागच्या चाकांची पेटी गळ्यात अडकवून
मी उलटा चालू लागलो.
पुढे, मागे, पुढे. अकरा वेळा.
कोंबड्या सोडून सगळे गप्प.
बुंधा छपरावरून गेला
चार बोटांवरून, चुलीच्या धुरातून,
एक वासा तेवढा मोडला.
त्या एका वाशाची किंमत
धोनेनं माझ्याकडून तिथेच घेतली, रोख,
आणि पावती दिली.

कॉफी देताना त्यानं विचारलं,
"उभा करताना याला काय खाऊ घालता?
आम्ही रेडा देतो."
"ग्रीस," मुहाइमिन म्हणाला.
धोने बराच वेळ मान हलवत राहिला.
पटलं म्हणून की कीव आली म्हणून,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माथ्यावर पोचलो तेव्हा उजाडत होतं.
गवतातून वाफ निघत होती,
कुणी न बोलावता, कुणी न ढोसता,
सडक्या अंड्यांचा वास अंगावर घेऊन.
इंजिनिअर म्हणाला, दोन हजार मीटर खाली जायचंय.
मी बांबू गवतावर आडवा ठेवला.
पाच मीटर आणि वर एक वीत.
तोही वरच्या बाजूचा.
टोकाची चिंधी वाफेनं हळूहळू ओली झाली.

परतताना ट्रक रिकामा, वाटेत कुठेच अडलो नाही.
वोलोरेजात दिवे लागलेले.
कुंपणावर जुन्या ओळीखाली नवी ओळ होती,
थोडी वर, मोठ्या माणसाच्या अक्षरात.
गाडी वेगात होती.
वाचता आली नाही.