नमुना क्रमांक अकरा

भोसरीत समुद्र नाही.
टेल्को रोडला पाइपलाइन फुटली तर तेवढंच काय ते पाणी,
तरी आमच्या शेडमध्ये लाटा येतात,
सेकंदाला आठ.
मशीन पोलादी पट्टीला दोन्ही टोकांनी धरतं,
ओढतं, सोडतं, ओढतं, सोडतं,
वर लाल आकडे पळत राहतात
आणि माझा चहा त्या तालावर कपात थरथरतो.

जहाज खाली कोकणात कुठेतरी बांधतायत.
मी पाहिलेलं नाही.
माझ्याकडे येतात त्याच्या कोपऱ्यांचे नमुने,
मधोमध एक शिवण,
बाजूला खडूने: द. मुलाणी.

वीस लाख लाटा झेलल्या की पास.
म्हणजे तीन दिवसांना थोडं कमी.
धायगुडे साहेब म्हणतात,
ताकद बघायला एक दणका पुरतो,
थकवा बघायला बसून राहावं लागतं.
बसून राहायचा पगार मला मिळतो.

अकरा नंबर शुक्रवारी सकाळी सहाला लावला.
एक्स-रे स्वच्छ होता, हवेचा बुडबुडा नाही, स्लॅग नाही.
शनिवारी पहाटे तीन वाजून सोळा मिनिटांनी
शेडमध्ये एकदम शांतता झाली
आणि त्या शांततेने मी दचकून जागी झाले.
सहा लाख बारा हजार चारशे आठ.

भिंगाखाली तुटलेला चेहरा धरला.
दर पन्नास हजारांनी मी भार थोडा हलका करते,
पोलादावर खूण राहावी म्हणून.
पहिले साडेतीन लाख कोरे.
नंतर पाच कमानी, एकीबाहेर एक,
ओहोटी वाळूवर सोडून जाते तशा,
आणि सगळ्यांच्या उगमाशी, शिवणीच्या कडेला,
अर्धा मिलिमीटर खाच.
समुद्र असा आला भोसरीत,
नखाएवढा किनारा घेऊन.

दस्तगीर मुलाणी सकाळी एस ब्लॉकमधून चालत आला,
मानेवर ठिणग्यांचे जुने डाग, हातात डबा.
आधी त्याने मागची बाजू पाहिली, मुळाची.
मग कड.
बराच वेळ कड.
"इथं रॉड बदलला," म्हणाला.
"बुधवार होता. उद्या लाईट नाही, आजच उरका, असं चाललेलं.
मला वाटलं भरलंय."

अर्धा मिलिमीटर नियमात बसतो,
हे मी त्याला सांगितलं.
पान उघडून दाखवलं.
त्याने मान हलवली, लहान मुलाचं ऐकतात तशी.
"जहाजावर माणसं किती?"
मालवाहू आहे. वीस-बावीस.
"झोपतात कुठं?"
मला माहीत नव्हतं.
माझ्या नकाशात फक्त कोपरा आहे,
कोपऱ्यावर बाण, बाणावर आकडा.

डबा न उघडताच गेला.

बारा नंबर त्याने स्वतः आणून दिला, कपड्यात गुंडाळून.
कड घासलेली, ग्राइंडरची नक्षी शिवणीला आडवी,
म्हणजे भाराच्या दिशेने, हवी तशीच.
द्यायच्या आधी परत एकदा
अंगठा फिरवला तिच्यावरून, हलकाच,
बाळाच्या हिरडीत दात चाचपतात तसा.
मी मायक्रोमीटर काढला होता,
तो परत खिशात ठेवला.
नंतर, तो गेल्यावर, मोजलं. नोकरी आहे.

सोमवारी सकाळी लावला.
आज बुधवार, चौदा लाख चार हजार.
अजून धरून आहे.
तडा जाताना आवाज होत नाही, हे मीच शिकाऊ पोरांना सांगते,
तरी खुर्ची ओढून मशीनजवळ बसलेय, कान देऊन.
पलीकडच्या गल्लीत त्यांचा ग्राइंडर सुरू झाला, बंद झाला.
उद्या गुरुवार.
जनरेटरला डिझेल किती आहे
ते जेवायच्या आधी बघायला हवं.