पोच

सूर्य मावळला की आम्ही आवाज खाली आणायचा,
असा कायदा आहे.
पाच हजार वॅटवरून थेट नव्वदवर.
भिंतीवर तक्ता आहे, महिन्यागणिक वेळांचा:
डिसेंबर पावणेपाच, जून साडेनऊ.
खटका मीच दाबतो, अठ्ठावीस वर्षं.
दाबला की काटा खाली बसतो,
म्हातारा कुत्रा बसतो तसा, आधी जरा थरथरून.

व्हर्लिन स्कोगस्टाड मालक होता तेव्हा
रविवारी पोल्का लागायचा.
एरवी सूर्यफुलाचा भाव, शाळेत आज जेवायला काय,
कोण वारलं, आणि कॉफी कुठल्या चर्चच्या तळघरात.
मग कंट्री आलं.
मग ‘जुनी गाणी’.
ती माझ्या तरुणपणातली.
जुनी झाली हे मला त्या मेमोवरून कळलं.
आता सगळं उपग्रहातून उतरतं.
डॅलसमधला कुणी पोरगा रोज म्हणतो,
‘शुभ सकाळ, माझ्या गावा!’
गावाचं नाव तेवढं घेत नाही.
इकडे नॉर्थ डकोटात दारं बर्फानं बुजलेली असतात,
आणि तो म्हणतो, काय मस्त ऊन पडलंय.

मनोऱ्याखाली तांब्याच्या एकशेवीस तारा पुरल्यात,
पोरं सूर्य काढताना किरण काढतात ना, तशा.
त्यातल्या चाळीस कुणीतरी रातोरात उपटल्या,
मोडीत घातल्या.
कंपनी म्हणाली, असू दे, चालतंय ना?
मी गाडी काढली, चालतंय कुठपर्यंत ते बघायला.
धान्याच्या कोठारापाशी खरखर सुरू झाली.
पुलावर शब्दांचे तुकडे पडले.
पूल ओलांडला आणि
काहीच नाही.

पुलापलीकडे दीड मैलावर ल्युडमिला ह्रुश्का राहते.
दर रविवारी फोन करायची, पोल्का होता तोवर.
‘आमच्या एमिलचं लाव. तो चुकतो ते.’
एमिलचा अ‍ॅकॉर्डियन आमच्याच स्टुडिओत टेपवर घेतलेला,
तिसऱ्या फेरीत एक ठोका गळतो,
व्हर्लिननं तसाच ठेवला.

जानेवारीत एका रात्री, उणे एकतीस,
मी खटका दाबला नाही.
का, ते विचारू नका. प्यायलो नव्हतो.
अकराला डॅलसच्या पोराला बंद केलं,
कपाटातून टेप काढली
आणि पाच हजार वॅटनं सोडली पुलाच्या दिशेनं.
चार मिनिटं.
वहीत लिहिलं: नव्वद.

सकाळी तिला फोन केला.
‘अरे, मी आठालाच झोपते,’ ती म्हणाली,
‘आणि रेडिओ गॅरेजात टाकलाय कधीचा,
नुसता खरखरतो मेला.’

मार्चमध्ये पाकीट आलं, फिनलंडचं.
वेइक्को लाम्पिनेन नावाचा कुणी,
जंगलात झोपडी, झाडांवरून ताणलेली किलोमीटरभर तार.
लिहितो: तुमच्या घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं.
आवाज क्षीण, पण स्वच्छ.
अ‍ॅकॉर्डियन. तिसऱ्या फेरीत वाजवणारा अडखळतो,
आणि हसतो.
हे आपलंच केंद्र असल्यास कृपया पोच द्यावी.
सोबत तिकिटासाठी एक डॉलर.

हसतो?
अठ्ठावीस वर्षं ती टेप माझ्या कपाटात.
हेडफोन लावले, मागे नेली, पुन्हा ऐकली,
पुन्हा.
आहे. श्वासाएवढं.

पोच द्यायची तर रकाना भरावा लागतो: किती वॅट.
नव्वद लिहिलं तर त्या माणसाचं ऐकणं खोटं ठरतं.
खरं लिहिलं तर माझी वही.

आधी पूल ओलांडून गेलो, पत्र वाचून दाखवलं.
ल्युडमिलानं कणकेचे हात पुसले नाहीत,
तसाच कागद धरला.
‘हसायचाच तो. चुकला की.
मला वाटायचं, फक्त मलाच ऐकू येतं.’

परत येईतो सात-चाळीस.
मार्चची वेळ पावणेआठ.
पाच मिनिटं होती हातात.
पेन काढलं,
पाचाच्या पुढे तीन शून्यं काढली,
मग उठून खटका दाबला.