गाळी

बैलहोंगलच्या इराप्पा मडिवाळरकडनं घेतलेला
बारका ट्रॅक्टर, दोरी ओढून चालू होणारा.
आज ओढली एकेचाळीस वेळा.
एकेचाळिसाव्याला दोरीनंच मला ओढलं
आणि मी बिटाच्या वाफ्यात बसले.

नवरा उद्यमबागेत, दुसऱ्या पाळीला,
त्याचा फोन फौंड्रीच्या लॉकरात.
कोबीची रोपं ट्रेमध्ये उभी,
मुळं खालच्या भोकांतनं बाहेर येऊन बघतायत
रान झालं का तयार.

प्लग काढला. नवऱ्याच्या जुन्या शर्टाला पुसला,
जो मीच घातलाय साडीवर.
हेडला टेकवून सृष्टीला म्हटलं, ओढ.
निळी ठिणगी. टुच्च.
म्हणजे आग आहे.
खरं प्लग कोरडा ठणठणीत,
म्हणजे पेट्रोल पोचत नाही.
एवढं कळतं मला. चंदगडला लग्नाआधी
काजूच्या फॅक्टरीत मशीनवर होते,
मशीन रुसली की आधी विचारायचं,
पोटात काही गेलंय का.

विहिरीच्या कठड्यावर चढलं की रेंज येते.
माझं आठ वर्षांचं कन्नड एवढंच :
एष्टु, साकु, बेड.
तिन्ही शब्द मार्केट यार्डातले.
त्यातले दोन वापरून मी इराप्पाला ट्रॅक्टरचा आजार सांगितला.
तो म्हणाला, "गाळी नोड्री अक्का, गाळी..."
आणि फोन तुटला.

गाळ बघा.
बरोबर आहे. गाळच असणार.
गणपतीपासून उभाय गोठ्याच्या कडेला.

मग तासभर गाळ.
कार्बोरेटरची वाटी उघडली, तळाशी
चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी.
जेटच्या भोकात ब्रेकच्या केबलची एक तार घातली,
फुंकले, तोंडात पेट्रोल,
पुन्हा फुंकले.
स्क्रू ताटलीत मांडले होते ओळीनं,
कोंबडीनं एक उचलला, तिच्यामागं धावले, दिला तिनं.

बेचाळिसाव्या ओढीला धरला!
काय तो आवाज, भांड्यांच्या मांडणीवर मांजर पडावं तसा.
अर्धा वाफा गेला.
मग घोगरा झाला, उचकी लागली,
बंद.

म्हटलं पेट्रोल संपलं असेल. झाकण फिरवलं
तर टाकीनं लांब श्वास ओढला, फुस्स,
आत पेट्रोल निम्म्यावर.
झाकण लावलं, दोरी ओढली, चालू.
पुन्हा अर्धा वाफा. पुन्हा उचकी.
पुन्हा झाकण, पुन्हा फुस्स, पुन्हा चालू.

"आणि किती गाळ काढू ह्याचा?" मी ओरडले,
ट्रॅक्टरवर, इराप्पावर, बैलहोंगलपर्यंत ऐकू जाईल असं.
सृष्टी बांधावर पेरू खात होती.
तिसरीत आहे. शाळेत कन्नड आहे तिला.
"गाळ नव्हे की गं. गाळी.
गाळी म्हणजे वारं."

झाकण उलटं केलं.
मधोमध एक भोक असतंय, सुईएवढं,
पेट्रोल खाली उतरताना वारं आत जायला.
त्यात कुंभारीण माशीनं
आपलं घर लिंपून ठेवलेलं,
गुळगुळीत, मन लावून.

वाऱ्याच्या वाटेत चिखल.
म्हणजे इराप्पाचंही खरं
आणि माझं ऐकणंही अगदीच फुकट नव्हतं.
पदराची पिन काढून भोक मोकळं केलं.
पाच वाफे एका दमात झाले.

कठड्यावर चढून फोन लावला.
"गाळी बंतु," मी म्हटलं.
हे वाक्य सृष्टीनं पाठ करून दिलेलं.
तो इतका हसला की त्याच्याकडची म्हैसपण बिथरली असावी.
मग खूप काही बोलला भराभर.
त्यातलं "अक्का" तेवढं कळलं.
मी साकु म्हणाले नाही.

खाली येऊन बघते तर
माशी आलीय.
झाकणाभोवती फिरते, बसते, उठते,
पायांत ओल्या मातीची नवी गोळी.
अजून सहावा वाफा आहे, दिवस कलालाय.
पिन दातात धरून मी दोरी ओढली.