किल्ली किती वेळा फिरवली

नाकेरालाच्या घाटातून, एका लाकडाच्या ट्रकमागे
दोरखंडाने बांधून आणली शाक्रोची व्हॅन.
मार्च. माझ्या गॅरेजच्या पत्र्यावरून बर्फ ठिबकत होतं,
खाली रिओनी नदी गढूळ.
व्हॅनमध्ये अजून सात जणांच्या पिशव्या,
झाकण सैल झालेली एक बरणी, लसणाचा वास.

सगळ्यांना विचारतो तेच विचारलं:
आवाज झाल्यावर किल्ली किती वेळा फिरवलीस?
एकदाच, शाक्रो म्हणाला
आणि बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिला.

वरचं झाकण काढलं. चेन तुटलेली.
एक टोक चक्राला लोंबतंय,
दुसरं खाली, माझा हात पोचत नाही तिथे.
चेंबरमधलं तेल चाळणीतून गाळलं,
प्लास्टिकच्या गाईडचे तुकडे फडक्यावर मांडले,
फुटलेली बशी जुळवावी तसे.
एक कमी भरला.
तो शोधण्यात दुपार गेली.
ऑइल पंपाच्या जाळीला चिकटून बसला होता.

सोळांपैकी नऊ रॉकर मोडलेले.
या इंजिनाचं असंच असतं. बोटाएवढा तुकडा, स्वस्त;
आधी तो मोडतो, म्हणजे व्हॉल्व्ह वाचावेत.
कुठे तरी कुणी कागदावर रेघा ओढताना
ठरवून ठेवलेलं
कुणी मोडायचं ते.
भाचा बादरी म्हणाला, मग वाचलो ना?
म्हटलं, थांब, लोखंडाला विचारू.

इंजेक्टरच्या भोकातून कॅमेरा सोडला.
पहिला पिस्टन बरा. दुसरा, चौथा: काजळी, बाकी काही नाही.
तिसऱ्याच्या माथ्यावर
कणकेत नख रुतावं तशी कोर.
एक नव्हे. तीन, एकीला खेटून दुसरी, जराशा सरकलेल्या.

मी स्क्रीन वळवली नाही.
शाक्रोने मान वळवून पाहिलं.
“मागच्या सीटवर नाझीब्रोला होती,” तो म्हणाला,
“कुतैसीत तिची डायलिसिसची वेळ ठरलेली.
तू काय केलं असतंस?”

हेड उतरवलं. पोर्टमध्ये रॉकेल ओतून
खालून बॅटरी धरली. तिसऱ्यात थेंब, थेंब.
व्हॉल्व्ह काचेवर लोळवले:
दोन लंगडत गेले, बाकीचे सरळ.
पिस्टनच्या खुणा नखाला जेमतेम लागतात. चालेल.
चालेल म्हणताना मी थोडा थांबलो.

कारण ऑक्टोबरात, द्राक्षांची तोडणी ऐन भरात असताना
शाक्रो आला होता.
थंड इंजिन, सुरू होताना दोन सेकंद खडखड,
मग गप्प.
मी बॉनेटला कान लावून ऐकलं होतं.
म्हणालो, टेन्शनर म्हातारा झालाय,
काढेल वसंतापर्यंत.
मला घाई होती. रस भरायचे रांजण धुवायचे राहिले होते.
ऐकलं या कानाने,
आणि कानाडोळाही मीच केला.

हे शाक्रोला सांगायला हवं होतं.
त्याऐवजी रात्री उशिरापर्यंत व्हॉल्व्ह घासत बसलो,
पेस्ट लावून, दोन्ही तळव्यांत काठी धरून,
रवी घुसळावी तसं,
करड्या रंगाचं अखंड कडं उमटेपर्यंत.
नवी चेन. नवा टेन्शनर. नवे बोल्ट,
जुने ताणले गेलेले, ते पुन्हा वापरायचे नसतात.
मग पाना लावून इंजिन हाताने फिरवलं,
दोन पूर्ण फेरे, सावकाश,
कुठे अडतंय का मनगटाने विचारत.
कुठेच अडलं नाही.

बिलात सुट्या भागांची यादी लिहिली.
मजुरीपुढे काही लिहिलं नाही.
शाक्रोने कागद दोनदा वाचला,
घडी करून खिशात ठेवला,
आणि विचारलं काहीच नाही.

किल्ली त्याच्या हातात दिली.
पहिल्यांदा नुसतीच घरघरली, डिझेलमध्ये हवा होती.
दुसऱ्यांदा लागली.
ते दोन सेकंद
आम्ही तिघेही, बादरीसुद्धा,
माना खाली घालून उभे होतो.